यिर्मयाचा ग्रंथ : इशारा आणि आशा एकत्र कशी शिकवावी?

वाचनवर्ग (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

चर्चमधल्या प्रौढांच्या अभ्यासवर्गासाठी सहा रविवारांत यिर्मया (जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याचा ग्रंथ) घ्यायचा आहे. प्रत्येक वेळी साधारण तासभर. सगळ्यांकडे बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र आहे, भाष्यग्रंथ कोणाकडे नाहीत. तयारी करताना पुढच्या ठिकाणी गाडी अडते.

२९:११ हे वचन ('तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत' अशा अर्थाचं) सर्वांना पाठ आहे. कॅलेंडरवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांत, दहावीच्या निकालाच्या दिवशी तेच वाचलं जातं. पण ते कोणाला लिहिलं, कोणत्या परिस्थितीत, हे फारसं कोणी सांगत नाही. ते सांगितलं तर लोकांचा आधार काढून घेतल्यासारखं होईल का?

अध्यायांचा क्रम लागत नाही. २१ मध्ये सिद्कीया यहूदाचा राजा आहे, २५ मध्ये यहोयाकीम, २७-२८ मध्ये पुन्हा सिद्कीया, ३५-३६ मध्ये पुन्हा यहोयाकीम. वर्गाला कोणत्या क्रमाने वाचायला सांगावं?

सगळ्यात अवघड भाग : ७:१६ मध्ये परमेश्वर यिर्मयाला म्हणतो की या लोकांसाठी प्रार्थनाही करू नकोस. आणि ३१ व्या अध्यायात त्याच लोकांवर सार्वकालिक प्रेम, नवा करार, पुन्हा द्राक्षमळे. एकाच तोंडून ही दोन्ही बोलणी कशी? वर्गातल्या एकाने आधीच विचारलं आहे की आशेचे भाग नंतर कोणी घातले का.

आणि २९:१० मधली बाबेलची (बॅबिलोनची) सत्तर वर्षं. इ.स.पू. ५८७ (यरुशलेम पडलं) ते ५३९ (बाबेल पडलं) धरली तर अठ्ठेचाळीसच भरतात.

जाणकारांनी कृपया संदर्भांसह सांगावं.


शिलालेख

क्रमापासून सुरुवात करतो, कारण तो लागला की तुमचे बाकीचे प्रश्न निम्मे सुटतात.

यिर्मया १ ते ५२ सरळ वाचू नका. ग्रंथ तारखेनुसार रचलेलाच नाही. वर्गाला पहिल्या दिवशी फळ्यावर एवढ्या तारखा लिहून द्या आणि सहाही रविवार त्या पुसू नका. इ.स.पू. ६०९ : यहूदाचा राजा योशीया मगिद्दोजवळ मारला गेला, त्याच वर्षी यहोयाकीम गादीवर. ६०५ : कर्कमीशच्या लढाईत बाबेलने मिसरचा (इजिप्तचा) पराभव केला, नबुखद्नेस्सर राजा झाला. ५९७ : यरुशलेम पहिल्यांदा शरण, तरुण राजा यहोयाखीन आणि कारागीर बाबेलला नेले, सिद्कीयाला गादीवर बसवलं. ५८७ किंवा ५८६ (वर्षं कशी मोजायची यावर हा फरक अवलंबून आहे) : नगर पडलं, मंदिर जळालं. ५३९ : बाबेल इराणी राजा कोरेशच्या ताब्यात.

आता अध्याय त्यांच्या शेजारी लिहा. ७ आणि २६ हे एकाच मंदिरातल्या भाषणाचे दोन वृत्तांत. ७ मध्ये भाषण सविस्तर, २६ मध्ये त्यावरून भरलेला खटला. हे ६०९ च्या सुमाराचं. २५, ३६ आणि ४५ हे ६०५ पासूनचे. २४ आणि २९ हे ५९७ नंतरचे. २७-२८ हे सिद्कीयाच्या चौथ्या वर्षाचे, म्हणजे ५९४-५९३. २१, ३४, ३७, ३८ आणि ३२ हे वेढ्याच्या काळातले. ३९ ते ४४ पाडावानंतरचे. ज्या अध्यायांवर तारीख नाही (२ ते ६, ८ ते २० यांतला बराचसा भाग) त्यांना तारीख चिकटवायचा अट्टहास करू नका. तिथे ठोस सांगण्यासारखं फार नाही आणि वेळ फुकट जातो.

५९७ ची तारीख नेमकी आहे. बाबेलच्या राजवृत्ताच्या मातीच्या पाटीवर नबुखद्नेस्सरने यहूदाचं नगर अदार महिन्याच्या २ तारखेला घेतल्याची नोंद आहे; आपल्या हिशेबाने १६ मार्च ५९७. त्याच पाटीवर ६०४ च्या किसलेव महिन्यात त्याने समुद्रकाठचं एक नगर घेतल्याचं लिहिलंय. नावाची अक्षरं झिजली आहेत, बहुतेक अभ्यासक ते अष्कलोन वाचतात. आता ३६:९ उघडा. यहोयाकीमच्या पाचव्या वर्षी नवव्या महिन्यात यरुशलेमात सार्वजनिक उपास पुकारला होता. नववा महिना म्हणजे किसलेव. शत्रू यरुशलेमपासून काही दिवसांच्या वाटेवर असलेलं नगर उद्ध्वस्त करत असताना राजा शेगडीसमोर बसून यिर्मयाची गुंडाळी तीन-चार स्तंभ वाचून झाले की चाकूने कापून जाळत होता. वर्गात हा अध्याय पूर्ण मोठ्याने वाचा. इशारा म्हणजे काय आणि तो नाकारणं म्हणजे काय, याचं याहून नेमकं चित्र ग्रंथात नाही.

एक सावधगिरी. गुंडाळीचं पहिलं वाचन झालं ते शाफानाचा मुलगा गमऱ्या याच्या खोलीत. दावीदनगराच्या उत्खननात १९८२ मध्ये मिळालेल्या मातीच्या मोहरांच्या ठशांत 'गमऱ्या शाफानाचा मुलगा' असा ठसा आहे. तो जळालेल्या थरात, खोदकामात सापडला, म्हणून भरवशाचा. मात्र 'बारूखाचा (यिर्मयाच्या लेखनिकाचा) ठसा' म्हणून जे फोटो फिरतात ते बाजारातून आलेल्या वस्तूंचे आहेत आणि ते बनावट असल्याचा गंभीर संशय आहे. ते वर्गात दाखवू नका.


मातीचं_मडकं

७:१६ विरुद्ध ३१ या प्रश्नावर लिहितो. तुम्ही दोन टोकं शेजारी ठेवलीत, पण त्यांच्या मध्ये वीस-पंचवीस वर्षं आहेत, आणि त्या वर्षांत इशाऱ्याची मागणी चार वेळा बदलली. हे वर्गाला दाखवता आलं तर विसंगती उरत नाही.

पहिली मागणी ७:३-७ मध्ये. परदेशी, अनाथ, विधवा यांना छळू नका, निर्दोषांचं रक्त सांडू नका, दुसऱ्या देवांच्या मागे जाऊ नका. मग या ठिकाणी राहाल. इथे नगर, मंदिर, देश, सगळं वाचण्याची शक्यता अजून आहे. शिलोचा दाखला त्याच भाषणात येतो : तिथेही परमेश्वराचं निवासस्थान होतं, आता काय उरलंय ते जाऊन पाहा.

दुसरी २७:११-१२ मध्ये. आता स्वातंत्र्य गेलेलं आहे. बाबेलचं जू मानेवर घ्या, म्हणजे आपल्याच जमिनीत राहाल.

तिसरी ३८:१७ मध्ये. वेढा पडलाय, भाकरी संपत आलीये. राजाने बाहेर जाऊन शरणागती पत्करली तर तो जगेल आणि नगर जळणार नाही. लक्षात घ्या, अगदी शेवटच्या महिन्यांतही नगर आगीपासून वाचवायचा मार्ग दिलेला आहे. सिद्कीया तो घेत नाही. का, ते ३८:१९ मध्ये तो स्वतः सांगतो. आधी फितूर झालेले यहूदी आपली टर उडवतील याची त्याला धास्ती होती.

चौथी ४२:१०-१२ मध्ये, सगळं जळून गेल्यावर. मिसरला पळू नका, इथेच राहा, मी तुम्हाला बांधीन, लावीन.

प्रत्येक वेळी दार आधीपेक्षा अरुंद होतं, पण बंद कधीच नसतं. लोक दर वेळी मागच्याच दाराशी उभे राहतात, ही या ग्रंथाची शोकांतिका आहे.

आता प्रार्थनेची मनाई. ती ७:१६, ११:१४ आणि १४:११ अशी तीनदा येते; १५:१ मध्ये तर मोशे आणि शमुवेल उभे राहिले तरी उपयोग नाही असं म्हटलंय. हे सगळं पाडावाच्या आधीचं आहे, आणि सांगितलंय कशाविषयी? टळावं म्हणून मध्यस्थी करण्याविषयी. पाडावानंतर ४२:२-४ मध्ये उरलेले लोक यिर्मयाकडे येऊन प्रार्थना करायला सांगतात, तो होकार देतो, आणि दहा दिवसांनी उत्तर येतं (४२:७). बंदिवासातल्यांना तर २९:७ मध्ये बाबेलसाठी प्रार्थना करायची आज्ञाच आहे.

इशाऱ्याचा नियम स्वतः यिर्मयाने १८:७-१० मध्ये, कुंभाराच्या घरी, सांगितला आहे. तो दोन्ही बाजूंनी चालतो : नाशाची घोषणा झालेलं राष्ट्र वळलं तर नाश मागे घेतला जातो, बांधणीची घोषणा झालेलं राष्ट्र बिघडलं तर बांधणी मागे घेतली जाते. आणि याचं प्रत्यक्ष उदाहरण २६:१७-१९ मधल्या खटल्यात आहे. यिर्मयाला मृत्युदंड द्या म्हणून याजक ओरडतात तेव्हा देशातले वडीलधारे उठतात आणि मोरेशेथच्या मीखाचं वचन उद्धृत करतात : सियोन शेतासारखी नांगरली जाईल (मीखा ३:१२). ते शतकभरापूर्वीचं वचन होतं, आणि नगर तर समोर उभं होतं! तरी ते मीखाला खोटा ठरवत नाहीत. तेव्हाचा राजा हिज्कीया घाबरला, त्याने परमेश्वराची विनवणी केली, म्हणून संकट टळलं, असा त्यांचा युक्तिवाद आहे. इशारा खरा न ठरणं हेच त्या इशाऱ्याचं यश. हे ज्याला कळलं त्याला निनवे नगर वाचल्यावर संदेष्टा योना का रुसला हेही कळतं.

वर्गात एक चूक हमखास होते : इशारे म्हणजे भविष्यकथन असं धरून 'हे खरं झालं का' याची यादी केली जाते. त्या यादीत मीखा ३:१२ कुठे टाकणार, हा प्रश्न सुरुवातीलाच विचारा.

आता ३२ वा अध्याय. सहापैकी एका रविवारचा मोठा भाग त्याला द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काळ : सिद्कीयाचं दहावं वर्ष, वेढा चालू, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे, सोडवणुकीचा हक्क तुझा आहे. हा हक्क लेवीय २५:२५ मधला : अडचणीत आलेल्याची जमीन जवळच्या नातलगाने सोडवून घ्यायची, म्हणजे ती घराण्याबाहेर जात नाही. अनाथोथ यरुशलेमच्या ईशान्येला जेमतेम पाच किलोमीटरवर. म्हणजे शेत त्या वेळी शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात.

किंमत १७ शेकेल चांदी. त्या काळातली यहूदातली वजनं सापडली आहेत. एक शेकेल सुमारे ११.४ ग्रॅम. म्हणजे साधारण १९४ ग्रॅम. नाणी नव्हती, म्हणून १० व्या वचनात तराजूत तोलून दिल्याचं लिहिलंय. किंमत पडेल होती की रास्त, ते सांगता येत नाही, कारण शेताचं माप दिलेलं नाही. 'कवडीमोलात घेतलं' असं प्रवचनांत ऐकू येतं, त्याला ग्रंथात आधार नाही.

मग खरेदीखत. ३२:१०-१४ नीट वाचा, पायऱ्या एकामागून एक दिल्या आहेत : खतावर सही, मोहर, साक्षीदार, चांदीचं वजन, मग दोन प्रती, एक मोहरबंद आणि एक उघडी, बारूखाच्या हाती, सगळ्यांदेखत. यहूदाच्या वाळवंटातल्या गुहांमध्ये नंतरच्या रोमी काळातली अशी दुहेरी खतं मिळाली आहेत : एकाच तावावर मजकूर दोनदा, वरचा भाग गुंडाळून दोऱ्याने बांधून बंद, खालचा उघडा. रोज बघायला उघडा मजकूर, वाद झाला तर न्यायाधीशासमोर बंद भाग फोडायचा. शेवटी दोन्ही खतं मातीच्या भांड्यात, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून.

आशा इथे भावनेच्या रूपात येत नाही, दस्ताच्या रूपात येते. 'या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील' (३२:१५) हे वाक्य पैसे मोजून झाल्यावर उच्चारलं जातं. आणि १६ ते २५ सोडू नका! व्यवहार पुरा झाल्यावर यिर्मया स्वतःच प्रार्थनेत विचारतो : मोर्चे नगराला भिडलेत, आणि तू मला शेत घे म्हणतोस? तो शंकेसकट आज्ञा पाळतो. आशेवर बोलताना हा भाग गाळला तर यिर्मया खोटा वाटायला लागतो.

३२ च्या आधी ३४:८-२२ घ्या. त्याच वेढ्यात सिद्कीयाने हिब्रू दासदासींना मोकळं करायचा करार केला, वासरू दोन भागांत कापून त्यामधून सरदार चालून गेले. मिसरची फौज निघाली म्हणून बाबेलचं सैन्य काही काळ हटलं (३७:५), आणि धोका टळला असं वाटताच त्यांनी त्याच माणसांना पुन्हा दास केलं. हा इशाऱ्यातला सगळ्यात कठोर अध्याय का आहे हे सांगावं लागत नाही.


वाचनवर्ग

मनापासून आभार. चार मागण्यांची मांडणी तशीच वापरणार. वर्गातून नक्की येईल असा पुढचा प्रश्न : २८ मध्ये दुसरा संदेष्टा हनन्याही 'परमेश्वर म्हणतो' असंच सुरू करतो आणि तोही आशाच देतो. ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे खरं-खोटं कसं ओळखायचं?


तेवती_वात

हा प्रश्न आणि २९:११, सत्तर वर्षं, हे तिन्ही एकाच गाठीत आहेत, म्हणून एकत्रच सोडवते.

हनन्या गिबोनचा. म्हणतो, दोन वर्षांत मंदिराची पात्रं, यहोयाखीन आणि सगळे बंदिवान परत येतील. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून सर्वांसमोर मोडतो. यिर्मयाचं पहिलं उत्तर काय? 'आमेन, परमेश्वर तसंच करो' (२८:६). त्यालाही तेच हवं होतं. मग तो कसोटी सांगतो : पूर्वीचे संदेष्टे युद्ध, संकट, मरी यांविषयी बोलले, जो शांतीचं सांगतो त्याचा शब्द घडला तरच तो खरा (२८:८-९). म्हणजे लोकांना हवं तेच सांगणाऱ्यावर पुराव्याचा बोजा जास्त. आणि त्यानंतर तो वाद न घालता निघून जातो, कारण त्या क्षणी त्याच्याजवळ नवं वचन नाही. ते नंतर येतं : लाकडाऐवजी लोखंडाचं जू. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मरतो. सगळा प्रसंग पाचव्या महिन्यातला आहे.

दुसरी कसोटी २३:१४ आणि २३:२२ मध्ये आहे आणि तिच्यासाठी वाट बघावी लागत नाही : या संदेशाने दुष्टाई करणारे वळतात, की त्यांचे हात बळकट होतात? हनन्याच्या संदेशाने कोणालाच काही बदलावं लागत नव्हतं.

याच पार्श्वभूमीवर २९ वाचा. ते पत्र आहे. शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या (हा आधीच्या गमऱ्याहून वेगळा, वर्गात घोळ होतो) यांच्या हाती बाबेलला पाठवलेलं, ५९७ मध्ये नेलेल्यांना. तिथेही 'लवकर परतू' म्हणणारे संदेष्टे होते. पत्र म्हणतं : घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या नगराचं हित पाहा. मग १० वं वचन, सत्तर वर्षं. आणि मग ११.

म्हणजे ज्या प्रौढांना हे वचन वाचून दाखवलं त्यांच्यातले बहुतेक परतणार नव्हते, आणि ते त्यांना सरळ सांगितलेलं होतं. हिताचे संकल्प त्यांच्या नातवंडांपर्यंत पोचणार होते. त्यांच्या वाट्याला घर, बाग आणि शेजाऱ्यांसाठी प्रार्थना. तुम्ही विचारलंत की हे सांगून आधार काढून घेतला जाईल का. मला उलट वाटतं. नोकरी गेलेल्या किंवा आजारी माणसाला 'लवकरच सगळं ठीक होईल' असं ते वचन सांगत नाही, म्हणूनच सगळं ठीक न झालेल्यालाही ते धरून राहता येतं. फक्त ११ एकटं वाचू नका. ४ ते १४ एका दमात वाचा, ८-९ न गाळता.

बंदिवानांनी खरोखर तसंच केलं याचे पुरावे आहेत. बाबेलच्या मुलखात 'यहूदा-नगर' नावाची वस्ती होती. तिथल्या पाट्यांतली सर्वांत जुनी ५७२ ची. त्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत जमीन, धान्य, कर, उसनवार यांचे व्यवहार आहेत. शिवाय खुद्द बाबेलमध्ये सापडलेल्या पाट्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे, त्यांतली एक ५९२ ची.

नेलेल्यांचे आकडे विचारले तर ५२:२८-३० द्या : ३,०२३, मग ८३२, मग ७४५, एकूण ४,६००. दुसरे राजे २४:१४ मध्ये पहिल्याच खेपेला दहा हजार आहेत. फरकाचं कारण ग्रंथ देत नाही. फक्त पुरुष मोजले असावेत, हा एक प्रचलित अंदाज. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा, एक लपवू नका.

सत्तर वर्षं. तुम्ही ५८७ पासून मोजता आहात, पण २५:११-१२ मध्ये सत्तर वर्षं ही राष्ट्रांनी 'बाबेलच्या राजाची सेवा' करण्याची आहेत, मंदिर उजाड पडण्याची नाहीत. अश्शूरची शेवटची सत्ता ६०९ च्या सुमारास संपली. तिथून ५३९ पर्यंत सत्तर. ६०५ पासून मोजलं तर सहासष्ट. आणि मंदिर जळाल्यापासून इराणी राजा दारयावेशच्या सहाव्या वर्षी ते पुन्हा पुरं होईपर्यंत (एज्रा ६:१५, इ.स.पू. ५१५) जवळपास सत्तर. जखऱ्या १:१२ हाच दुसरा हिशेब डोळ्यांपुढे ठेवून बोलतो असं दिसतं.

त्याच वेळी सत्तर हा त्या जगात एका पूर्ण आयुष्याचा आकडाही होता (स्तोत्र ९०:१०). अश्शूरचा राजा एसरहद्दोन याच्या शिलालेखात बाबेलबद्दल असंच आहे : मर्दूक देवाने बाबेल सत्तर वर्षं उजाड राहील असं लिहिलं, मग दया येऊन आकडा उलटा केला आणि तो अकरा झाला. कीलाक्षरात सत्तरची चिन्हं उलट क्रमाने मांडली की अकरा होतात. म्हणजे देवकोप संपण्याची मुदत म्हणून सत्तर हा आकडा यिर्मयाच्या आधीपासून वापरात होता. वर्गाला एकच 'बरोबर' बेरीज देऊ नका. २९:१० मधला मुद्दा हनन्याच्या दोन वर्षांना दिलेल्या उत्तराचा आहे.


नवगाव_किनारा

यहूदी वाचनपरंपरेतून थोडी भर. तुमच्या वर्गाला उपयोगी पडेल, कारण इशारा आणि आशा किती प्रमाणात आणि कोणत्या क्रमाने वाचायची हे तिथे शतकानुशतकं ठरलेलं आहे.

तम्मुज महिन्याच्या १७ तारखेपासून अव महिन्याच्या ९ तारखेपर्यंत तीन आठवडे शोकाचे. त्या तीन शब्बाथांना (शनिवारच्या उपासनांत) संदेष्ट्यांतले इशाऱ्याचे उतारे वाचतात : यिर्मया १:१ ते २:३, मग यिर्मया २ मधून, मग यशया १:१-२७. नवमीला विलापगीत, जमिनीवर किंवा खाली बसून. त्यानंतर सात शब्बाथ सांत्वनाचे, सगळे यशया ४० ते ६३ मधले, पहिला ४०:१ पासून. तीन इशारे, सात सांत्वनं. पण क्रम उलटत नाही, आणि पहिले तीन गाळून थेट सांत्वनावर कोणी जात नाही. पहिल्या इशाऱ्याचा उताराही २:३ पर्यंत नेतात, म्हणजे तो वाळवंटातल्या तरुणपणाच्या प्रीतीच्या आठवणीवर संपतो.

विलापगीताचा शेवट बघा. ५:२२ हे 'तू आम्हाला अगदी टाकून दिलं आहेस' अशा अर्थाचं आहे. सभास्थानात ते वाचल्यावर ५:२१, 'आम्हाला आपल्याकडे वळव', पुन्हा म्हणतात. यशया, मलाखी आणि उपदेशक यांच्या शेवटीही हीच पद्धत. कठोर वचन गाळत नाहीत. ते पूर्ण वाचतात आणि मग त्याच्या आधीच्या वचनाकडे परत येतात.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहूदी समाजात अव महिन्याच्या या नवमीच्या उपासाला 'बिरड्याचा रोजा' म्हणतात, कारण उपास सोडताना वालाचं बिरडं असतं. नबुखद्नेस्सरने जाळलेल्या मंदिराचा शोक मराठी घरांत वालाच्या बिरड्यासह पाळला गेला आहे, हे वर्गाला जरूर सांगा.

पाडावाच्या तारखांचे चार उपास जखऱ्या ८:१९ मध्ये मोजले आहेत : चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या महिन्याचा. यिर्मयाशी ताडून पाहा. दहावा महिना, वेढा सुरू (५२:४). चौथा, तट फुटला (५२:६). पाचवा, मंदिर जळालं (५२:१२). सातवा, बाबेलने नेमलेला अधिकारी गदल्या याचा खून (४१:१). आणि जखऱ्या म्हणतो की हे उपास आनंदाचे सण होतील. तारखा बदलायच्या नाहीत, त्या दिवसांचं रूप बदलेल.

आकड्यांची एक व्यावहारिक बाब : हिब्रू आवृत्तीत तुमचं ९:१ हे ८:२३ असतं, त्यामुळे नवव्या अध्यायातली वचनं एकेकाने मागे सरकतात. काही यहूदी आवृत्त्यांत ३१ व्या अध्यायातही एका वचनाचा फरक आहे. कोणी वर्गात वेगळी आवृत्ती आणली तर गोंधळ इथेच होईल.


शिलालेख

'आशा नंतर घातली का' हा प्रश्न राहिला. लपवाछपवी न करता सांगता येईल असं उत्तर आहे.

यिर्मयाचा जुना ग्रीक अनुवाद आपल्या हिब्रू पाठापेक्षा सुमारे एक-अष्टमांश लहान आहे, आणि राष्ट्रांविरुद्धची वचनं (आपले ४६ ते ५१) त्यात २५:१३ च्या पाठोपाठ येतात. हा अनुवादकाचा आळस नव्हे : मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत त्या आखूड पाठाशी जुळणारे हिब्रू तुकडेच मिळाले आहेत, लांब पाठाचेही मिळाले आहेत. म्हणजे ग्रंथ बराच काळ दोन रूपांत होता. खुद्द ३६:३२ सांगतं की जळालेली गुंडाळी पुन्हा लिहिताना तशाच पुष्कळ वचनांची भर पडली. वाढत गेलेला ग्रंथ, हे तो स्वतःच कबूल करतो.

आता आशेचे भाग. ३३:१४-२६, दावीदाच्या अंकुराचा आणि लेव्यांचा उतारा, ग्रीकमध्ये नाही. तो नंतरचा असण्याची शक्यता मोठी. पण ३०-३१ आणि ३२ दोन्ही पाठांत आहेत. ३०-३१ मधल्या कविता मुख्यतः एफ्राइम, शोमरोन, राहेल यांच्याविषयी बोलतात, म्हणजे ७२२ च्या सुमारास पडलेल्या उत्तर राज्याविषयी. म्हणून पुष्कळ अभ्यासक त्यांचा गाभा यिर्मयाच्या सुरुवातीच्या काळातला मानतात, ३:१२ मधल्या उत्तरेला मारलेल्या हाकेच्या जोडीचा. तसं असेल तर त्याच्या तोंडची आशा इशाऱ्यांच्या शेवटी आलेली नाही, ती सुरुवातीपासून बरोबर होती. १:१० मध्येही चार क्रियापदं मोडण्याची आणि दोन बांधण्या-लावण्याची एकाच वाक्यात दिली आहेत, आणि ती जोडी २४:६, ३१:२८, ४२:१० आणि ४५:४ मध्ये परत परत येते. वर्गाला रंगीत पेन्सिलीने एवढ्या जागा खुणा करायला सांगा.


वाचनवर्ग

सगळ्यांचे ऋण. आता आराखडा असा : (१) १, ७, २६, (२) २५:१-१४, ३६, ४५, (३) २४, २७ ते २९, (४) ३४, ३७, ३८, (५) ३२, (६) ३०-३१. शेवट नव्या करारावर व्हावा म्हणून ३१ शेवटी ठेवला आहे.


मातीचं_मडकं

पहिले चार रविवार असेच ठेवा. शेवटचे दोन बदला. ३२ आणि ३१ एकाच रविवारी घ्या, ३१ मधून १५-१७ आणि ३१-३४ एवढंच, आणि सहावा रविवार ४० ते ४४ ला द्या, जोडीला ५२:३१-३४. नाहीतर वर्गाला वाटेल की नगर पडलं, आशा मिळाली आणि गोष्ट संपली. ४२ मध्ये तेच लोक शपथेवर 'जे सांगशील ते करू' म्हणतात, दहा दिवसांनी उत्तर ऐकतात आणि ४३:२ मध्ये यिर्मयाला खोटारडा म्हणून त्यालाच धरून मिसरला नेतात. शिक्षा भोगून माणसं आपोआप शहाणी होत नाहीत, म्हणून तर ३१:३३ मध्ये नियमशास्त्र हृदयावर लिहिण्याची भाषा आहे. ४२-४३ वाचल्याशिवाय त्या वचनाची गरज कळत नाही.

आणि ३१:१५ वाचताना ४०:१ शेजारी उघडा ठेवा. राहेलीचा आक्रोश ऐकू येतो तो रामा इथे, आणि बेड्या घातलेल्या बंदिवानांमधून यिर्मयाला सोडलं तेही रामा इथेच.


तेवती_वात

५२:३१-३४ साठी दहा मिनिटं पुरतील : यहोयाखीनच्या बंदिवासाचं सदतिसावं वर्ष, बाबेलचा नवा राजा अवील-मरोदख त्याला तुरुंगातून काढतो, कपडे बदलतो, रोजचा शिधा बांधून देतो. दिवस इथे पंचविसावा आहे, दुसरे राजे २५:२७ मध्ये सत्ताविसावा. कोणीतरी विचारेलच, उत्तर तयार ठेवा. आणि ३६ व्या अध्यायासाठी दोन वाचक आधी नेमा, तो सलग वाचायला सात-आठ मिनिटं लागतात आणि नावं अडखळवणारी आहेत.